गाडीला थंडी वाजते

पुण्यात थंडी आधी वर्तमानपत्रात येते, मग अंगावर. पारा बारा-तेरा अंशांवर उतरला की पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो: चार माणसं, एक कुत्रं, आणि फोटोग्राफरने बजावल्यामुळे सगळ्यांची नजर जाळाकडे. शेजारी शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव यांची वेगवेगळी तापमानं. पाषाणचा आकडा दोन अंशांनी कमी निघाला की पाषाणकरांना दिवसभर वेगळंच तेज चढतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं (पुढे ते दिल्लीला गेलं). शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. शिमल्याहून कागदपत्रं आली, उपकरणं आली, साहेब आले. थंडी काही आली नाही. पुण्याचा नीचांक १.७ अंश आहे आणि तो १७ जानेवारी १९३५चा. पण डिसेंबर लागला की हा आकडा ज्या आत्मीयतेने सांगितला जातो, त्यावरून सांगणारा गृहस्थ त्या पहाटे उघड्या अंगाने पर्वती चढत होता असंच वाटावं.

तर अशा गावात गाडीची थंडीची तयारी करायची, म्हणजे नक्की काय करायचं?

याचं एक उत्तर गाडीतच, डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. नव्या गाडीबरोबर जे जाडजूड माहितीपुस्तक मिळतं, त्यात बऱ्याचदा बर्फाचाही विचार केलेला असतो: चाकांना साखळ्या कशा बांधाव्यात, दाराचं कुलूप गोठलं तर काय करावं, बर्फात रुतल्यावर काय करू नये. सामान्य मराठी माणूस हे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढत नाही आणि गाडी विकताना ‘बुक अगदी कोरं आहे’ असं अभिमानाने सांगतो. पण आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. बँकेतून निवृत्त. आयुष्यभर सर्क्युलरं वाचलेली असल्यामुळे त्यांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टी धरून रेघा मारल्या आणि नोव्हेंबर संपता संपता गाडी गॅरेजला नेली. बरोबर मला घेतलं, कारण त्यांना कुठल्याही व्यवहाराला साक्षीदार लागतो.

“अँटिफ्रीझ घालायचंय,” काका म्हणाले.

मेस्त्रीने बॉनेट उघडून रेडिएटरशेजारची पांढरट टाकी दाखवली. आत हिरवं पाणी होतं. “कूलंट आहे की काका, तेच ते. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल. उणे छत्तीस-सदतीसपर्यंत गोठत नाही.”

काकांनी क्षणभर विचार केला. “आणि त्याच्या खाली गेलं तर?”

मेस्त्री सज्जन माणूस. हात पुसत म्हणाला, “त्याच्या खाली गेलं तर फोन करू नका. मीच येतो घरी.”

कूलंटची आपल्याकडची खरी नोकरी मे महिन्यातली. त्याच्यामुळे पाणी लवकर उकळत नाही आणि आतून गंज धरत नाही. जे लोक पैसे वाचवायला टाकीत नळाचं पाणी ओततात, ते ऐन उन्हाळ्यात कात्रजच्या चढावर बॉनेट उघडून उभे दिसतात. पण गोठण्याच्या बाबतीत पुण्यातली प्रत्येक गाडी मालकाच्या नकळत ध्रुवीय मोहिमेला सज्ज असते. इंजिन ऑइलचंच बघा. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. ५डब्ल्यू तेल उणे ३० अंशांवर इंजिन फिरू देतं की नाही, याची प्रयोगशाळेत परीक्षा झालेली असते. जुन्या डिझेल गाड्यांचं १५डब्ल्यू-४० सुद्धा उणे २०ला तपासलेलं असतं. म्हणजे सिंहगड रोडला उभ्या असलेल्या गाडीच्या पोटातलं तेल सैबेरियाला निघायच्या तयारीत, आणि मालक मफलर सावरत विचारतोय, “थंडीचं वेगळं तेल येतं का हो?”

टायरचीही तीच गोष्ट. युरोपात थंडीचे वेगळे टायर वापरतात, कारण पारा साधारण ७ अंशांखाली गेला की साधं रबर कडक होतं आणि रस्ता नीट धरत नाही. पुण्यात पारा सातच्या आसपास येतो तो एखाद्-दुसऱ्या पहाटे. त्या वेळी गाड्या कव्हराखाली असतात आणि रस्त्यावर फक्त दूधवाले आणि मॅरेथॉनची तयारी करणारे. त्यांच्या टायरची चौकशी कुणी करत नाही.

डिझेलला मात्र थंडी खरोखरच बाधते, पण लडाखात. तिथे कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि इंधन पुढे सरकेनासं होतं. ड्रायव्हर लोक त्यात रॉकेल मिसळत, टाकीखाली जाळ करत. शेकोटीवर ट्रक शेकायचा, असा तो प्रकार. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. ही बातमी वाचून काकांनी कोथरूडच्या पंपावर ‘ते आपल्याकडे कधी येणार’ म्हणून विचारलं होतं. काकांची गाडी पेट्रोलवर चालते.

काकांचा भाचा कॅनडात एडमंटनला असतो. तो हिवाळ्यात रात्री गाडीची वायर प्लगला लावून झोपतो. इंजिन गार पडू नये म्हणून आत छोटा हीटर बसवलेला असतो. व्हिडिओ कॉलवर काकांना स्वेटर, वर शाल आणि कानटोपी अशा थाटात बघून त्याने काळजीने विचारलं, “मामा, किती आहे तिकडे?”

“चौदा!”

“उणे?”

काकांनी त्या दिवशी कॉल लवकर आवरला.

तर खोटी तयारी इथे संपली. आता जी खरी करायला हवी आणि कुणी करत नाही, तिच्याकडे वळू. पण त्याआधी काकांच्या एका सवयीबद्दल बोलायला हवं, कारण ती अख्ख्या पिढीची आहे. काका सकाळी गाडी चालू करतात आणि दहा मिनिटं जागेवर तशीच गुरगुरत ठेवतात. तेवढ्यात ते वरती जाऊन चहा घेऊन येतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू धुराने वैतागून स्वयंपाकघराची खिडकी आपटतात. तो आवाज झाला की सोसायटीत पावणेआठ झाले असं समजायचं.

या सवयीला इतिहास आहे. प्रीमियर पद्मिनीला चोक असे. थंडीत तो किती ओढायचा, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जायचं, पुस्तकात मिळायचं नाही. कमी ओढला तर गाडी खोकायची, जास्त ओढला तर पेट्रोलचा वास सुटून प्लग ओले व्हायचे, आणि मग शेजारपाजारचे चार बनियनवाले धक्का मारायला. बजाजची स्कूटर तर आधी एका अंगावर कलती करायची, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मग किक. ज्यांनी तारुण्यातले हिवाळे असे काढले, त्यांचा बटण दाबताच चालू होणाऱ्या इंजिनावर विश्वास कसा बसावा? एवढं सहज चालू झालं म्हणजे आत काहीतरी राहून गेलंय, असंच त्यांना वाटतं. वास्तविक कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं तेव्हापासून पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला संगणक ठरवतो. आपल्या हवेत अर्धा मिनिट थांबायचं, पट्टा लावायचा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी सबुरीने न्यायची. जागेवर उभी गाडी उलट सावकाश तापते आणि पेट्रोल फुकट जाळते. ‘फुकट’ हा शब्द मी काकांसमोर मुद्दाम जोर देऊन उच्चारला. आता ते सात मिनिटांवर आले आहेत.

आता हवा. पुण्याच्या थंडीची खरी गंमत तिच्या नीचांकात नाहीच, दिवस-रात्रीतल्या फरकात आहे. पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस, हे जानेवारीत नेहमीचं. सकाळी स्वेटर, दुपारी घाम. माणूस स्वेटर काढतो, कमरेला बांधतो आणि चालू लागतो. टायरला ती सोय नाही. आतली हवा गार झाली की आकसते. वीस अंशांच्या फरकाने टायरमधला दाब तीन पीएसआयच्या आसपास हलतो. दुपारी दोन वाजता, उन्हात तापलेल्या टायरमध्ये तुम्ही ३३ भरून समाधानाने घरी येता. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच टायर ३०वर असतात. मग एखाद्या नव्या गाडीतला हवेच्या दाबाचा पिवळा दिवा पेटतो, मालक पंक्चरवाल्याकडे धावतो, पंक्चरवाला चाक पाण्यात बुडवून बघतो, बुडबुडा काही निघत नाही. तेवढ्यात ऊन वर आलेलं असतं, टायर तापतात, दिवा आपोआप विझतो. पंक्चरवाला “बघा, झालं काम” म्हणून पैसे घेतो. उपाय साधा आहे: थंडीत हवा सकाळी, टायर गार असताना, घराजवळच्या पंपावर भरायची. आणि स्टेपनीतही. आपल्याकडे स्टेपनीत हवा भरतात ती पंक्चर झाल्यावर.

बॅटरीबद्दल एक सार्वत्रिक गैरसमज आहे की ती थंडीने मरते. तिला खरं म्हणजे एप्रिल-मेमधल्या उन्हाने आतून पोखरलेलं असतं. हिवाळ्यात फक्त निकाल लागतो. गार सकाळी बॅटरीची ताकद थोडी उतरते, तेल थोडं दाट झालेलं असतं, स्टार्टरला जोर जास्त लागतो, आणि जी बॅटरी ऑक्टोबरपर्यंत कशीबशी रेटत होती ती डिसेंबरात ‘टक्’ एवढाच आवाज करते. त्यात आपली गाडी चालवायची पद्धत अशी: घर ते मंडई, मंडई ते घर. एवढ्यात बॅटरी जेवढी खर्च झाली तेवढीही भरून येत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर हिवाळ्याआधी तपासून घ्यावी. दुकानदार यंत्र लावून एका मिनिटात सांगतो. टर्मिनलवर जी पांढरी-हिरवट भुकटी साठते ती गाडी बंद असताना गरम पाण्याने धुवावी, कोरडं करावं, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवावं. ओठांना लावतो तीच. थंडीत मालक आणि गाडी या दोघांनाही लागू पडणारा बहुधा हा एकच इलाज.

यानंतर हीटर. आपल्याकडे गाडीत एसीचं बटण कुठे आहे हे लहान मुलालाही ठाऊक असतं, पण त्या बटणाशेजारची लाल खूण ही नक्षी आहे अशीच बहुतेकांची समजूत. एका पहाटे हुरडा पार्टीला निघालेल्या गाडीत मागच्या सीटवरच्या मावशींचे पाय गारठले, म्हणून चालवणाऱ्याने तो खटका गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा लालकडे फिरवला. जाळ्यांमध्ये साठलेली धूळ तापली आणि करपट वास सुटला. “थांबव, थांबव! काहीतरी जळतंय!” मावशी ओरडल्या. गाडी बाजूला घेतली, सगळे उतरले, बॉनेट उघडलं, पाच जणांनी आत बघितलं. इंजिन नावाची वस्तू तिथे आहे एवढ्यावर पाचांचं एकमत झालं. मग पुन्हा प्रवास सुरू, हीटर बंद, मावशींच्या पायांवर सतरंजी. पेट्रोल जास्त जातं म्हणूनही लोक हीटर लावत नाहीत. तो तर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच चालतो; मेहनत फक्त पंख्याची. फुकटची वस्तू पुण्यात इतकी वर्षं दुर्लक्षित राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

मावशींचं नाट्य एवढ्यावर थांबलं नाही. काचा बंद, आत सहा माणसांचे श्वास, बाहेर गारठा. थोड्या वेळात पुढची काच आतून धूसर झाली. चालवणाऱ्याच्या शेजारच्याने रुमालाने वाटोळं पुसून एक भोक तयार केलं आणि गाडी त्या भोकातून चालू लागली. हे दृश्य हिवाळ्यात कुठल्याही टोलनाक्यावर बघायला मिळतं. त्यावरचा इलाज मी सुचवला तेव्हा मला वेड्यात काढण्यात आलं: एसी लावा. “या थंडीत एसी?” पण एसी हवेतला दमटपणा शोषतो, हे त्याचं दुसरं आणि थंडीत पहिलं काम. खटका गरमकडे, एसी चालू, झोत पुढच्या काचेवर, आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची. मिनिटभरात काच लख्ख. मागच्या काचेवर ज्या बारीक आडव्या रेघा असतात त्याही याचसाठी, त्यांचं बटण वेगळं असतं. काच आतूनही धुवावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तिच्यावर तेलकट थर बसतो आणि सकाळी सोलापूर रोडने पूर्वेकडे निघालात की हिवाळ्यातलं खालचं ऊन त्या थरावर असं पसरतं की पुढचा ट्रक दिसतो तो त्याच्या हॉर्नवरून.

थंडीत गाडीला पाहुणेही येतात. रात्री उशिरा आलेल्या गाडीचं इंजिन तासभर तरी उबदार असतं, आणि ही बातमी उंदरांना आपल्याआधी कळते. ते येतात, राहतात, सकाळी जाताना एखादी वायर खाऊन जातात. त्यावर घरगुती उपाय तंबाखूचा. आमच्या सोसायटीत ज्या घरात सुपारीचं खांडही निषिद्ध, त्या घरातले आजोबा मंडईतून तंबाखूची पानं आणून, फडक्यात बांधून बॉनेटखाली टांगतात. आमच्याकडच्या उंदरांवर तंबाखूचा परिणाम बेताचाच दिसतो. काही उंदीर तर मला वाटतं त्यासाठीच येतात. मांजरांचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. ती चाकावर किंवा थेट इंजिनाशी अंग मुडपून झोपतात. सकाळी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. शेजारी बघतात, बघू द्यावं.

महाराष्ट्रात गाडीवर खरोखर बर्फ धरतो तो महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, वेण्णा लेकच्या परिसरात, निरभ्र रात्री. हवेचं तापमान शून्याच्या वर असलं तरी गाडीचा टप उघड्या आभाळाखाली हवेहूनही गार पडतो आणि त्यावरचं दव गोठतं. लगेच ‘हिमकण’ म्हणून फोटो छापून येतो आणि पुण्याहून मंडळी रात्री तीनला निघतात: दुसऱ्याच्या गाडीच्या टपावरचं चिमूटभर पांढरं नखाने खरवडायला. तुमच्या स्वतःच्या काचेवर तो जमला, तर हॉटेलवाल्याकडून बादलीभर कढत पाणी आणून ओतू नका, काच तडकते. एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि हलकेच खरवडा. पाकिटात निरुपयोगी कार्डं प्रत्येकाकडे असतात.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे. पण आपल्या हिवाळ्यात रस्त्यावर जी खरी भीती आहे, ती ना बर्फाची ना गारठ्याची. ती उसाची आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि बारामती, फलटण, सांगली, कोल्हापूर, नगर अशा सगळ्या पट्ट्यात रात्रभर उसाची वाहतूक चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागे हात-हातभर बाहेर आलेला. मागचा दिवा असलाच तर त्या पाचटात बुडालेला. पुढचा एक दिवा चालू असतो, त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाटतं मोटारसायकल आहे. कारखान्याच्या रांगेत नंबर लागायला म्हणून ड्रायव्हर रात्र रात्र जागा, आणि झोप येऊ नये म्हणून टेप असा फुल्ल की ट्रॉली दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. पण आपण काचा बंद करून, आपलीच गाणी लावून बसलेले असतो. त्यात नदीकाठी धुकं. ट्रॉली वीसने चाललेली असते आणि मागून येणारी गाडी नव्वदने. ट्रॉली बंद पडली की चाकामागे दगड लागतो, ती दुरुस्त होऊन जाते, आणि दगड रस्त्यात तसाच मागच्यांसाठी राहतो.

धुक्यात आपल्या लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक, अप्पर लावणे. त्याने धुकंच उजळून अंगावर येतं आणि रस्ता आणखी हरवतो. डिपर ठेवावा, असेल तर धुक्याचा खालचा दिवा लावावा. दुसरी, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणे. मग ही गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे कुणालाच कळत नाही. चौकात सरळ जायचं असलं की चारही लावायचे, असं मानणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. तो हिवाळ्यात फार वाढतो. चारही दिवे उभ्या गाडीसाठी असतात.

तेव्हा थंडीची तयारी म्हणून कानटोपी तुम्ही खुशाल घाला, पण कान झाकतील तेवढीच. हॉर्न ऐकू यायला हवा. हवा सकाळी भरा, काच आतून पुसा, मागचे दिवे पेटतात का ते कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्या, आणि उसाच्या पट्ट्यातून रात्री जायचं असेल तर साठच्या आत जा. आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचे मालक कुणी हे वाचत असतील, तर त्यांना हात जोडून विनंती आहे: गाणी आहेत त्याच आवाजात राहू द्या, आमची काही हरकत नाही. फक्त मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा, आणि ती चिखलाने माखली की पुसा.